कथेतले वकील आणि कोर्टाची कसोटी

प्रश्न असा आहे: कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिकांमधले कोणते वकील खरोखर लक्षात ठेवण्यासारखे आहेत? आणि कोर्टाचं काम ज्याला माहीत आहे, त्याला त्यांच्यातलं काय पटतं आणि काय खटकतं?

अशा बहुतेक याद्या भाषणांवरून बनतात. 'दामिनी' (1993) म्हटलं की गोविंदचं 'तारीख पे तारीख' आठवतं आणि यादी तिथूनच सुरू होते. खटले मात्र भाषणांवर फिरत नाहीत. वकील अखेरच्या युक्तिवादाला उभा राहतो तेव्हा साक्षीपुरावा संपलेला असतो, आणि नोंदीवर जे आलं आहे त्याच्या बाहेर त्याला जाता येत नाही. म्हणून मी वकिलाचं पात्र तीन गोष्टींवर तपासतो. प्रश्न विचारण्याआधी त्याला उत्तर माहीत होतं का, आणि असेल तर कशावरून? तो नेमका कुठे थांबला? आणि जे नोंदीवर यायला नको होतं ते त्याने बाहेर कसं ठेवलं?

या कसोटीवर सगळ्यात वर ॲटिकस फिंच उतरतो. हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' 1960ची. तिला 1961चं पुलित्झर मिळालं, आणि 1962च्या चित्रपटातल्या ॲटिकससाठी ग्रेगरी पेकला ऑस्कर. लोक त्याचं समारोपाचं भाषण उद्धृत करतात, पण त्याचं खरं कसब त्याआधीच्या उलटतपासण्यांमध्ये आहे. ती पानं पेन्सिल घेऊन वाचावीत.

आरोप असा की टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराने मेयेला युएलवर बलात्कार केला आणि तिला मारहाण केली. वैद्यकीय पुरावा काहीच नाही. ॲटिकस शेरीफ हेक टेटला विचारतो, डॉक्टरला बोलावलं होतं का? नाही. तोच प्रश्न तो शब्द बदलून पुन्हा विचारतो, कारण तपासातली उणीव एकदा सांगून ज्यूरीच्या मनात ठसत नाही. मग येतो डोळा. टेट म्हणतो, डावा डोळा काळानिळा झाला होता. ॲटिकस विचारतो, तुमच्या डाव्या हाताचा की तिचा डावा? टेट थबकतो आणि दुरुस्ती करतो: तिचा उजवा. गळ्याभोवती बोटांचे वण सगळीकडून होते, हेही त्याच्याच तोंडून येतं. यावर ॲटिकस काहीही भाष्य करत नाही. डोळा कोणता, याला काय महत्त्व आहे हे त्या क्षणी कोर्टात कुणालाच कळलेलं नसतं.

पुढचा साक्षीदार मुलीचा बाप, बॉब युएल. ॲटिकस आधी त्याला बांधून घेतो: शेरीफने जखमांचं वर्णन केलं ते तुम्हाला मान्य आहे ना? मान्य आहे. आता माघार घ्यायला वाट उरली नाही. त्यानंतर तो त्याला लिहिता येतं का विचारतो आणि नाव लिहायला सांगतो. युएल डाव्या हाताने लिहितो, आणि ते न्यायाधीशाच्याच लक्षात येतं. समोरून मारणाऱ्याचा डावा हात समोरच्याच्या उजव्या डोळ्यावर बसतो. टॉमचा डावा हात लहानपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे, उजव्याहून फूटभर आखूड. गळ्याभोवतीच्या वणांना दोन हात लागतात, हेही मागेच नोंदीवर येऊन बसलेलं आहे.

यातला क्रम पाहा. तटस्थ साक्षीदाराकडून वस्तुस्थिती, हितसंबंध असलेल्या साक्षीदाराकडून तिला दुजोरा, मग साक्षीदाराच्याच कृतीतून पुरावा आणि शेवटी आरोपीचं शरीर. आणि 'तूच मारलंस ना?' हा प्रश्न तो बापाला विचारत नाही. विचारला असता तर 'नाही' एवढंच उत्तर मिळालं असतं आणि तो नकार नोंदीवर राहिला असता. तो निष्कर्ष तो युक्तिवादासाठी राखून ठेवतो.

मेयेलाला मात्र तो हा प्रश्न विचारतो. ती गप्प होते आणि मग ज्यूरीकडे वळून आक्रोश करते. तंत्र म्हणून हा धोका होता, कारण गोऱ्या पुरुषांच्या त्या ज्यूरीपुढे तिच्या रडण्याला पुराव्याहून जास्त वजन होतं. टॉमला साक्षीला उभं करणं हा दुसरा धोका. त्याला टाळता येत नव्हतं. तो त्या घरात का गेला आणि का पळाला हे दुसरं कोणी सांगू शकत नव्हतं. पण सरकारी वकील गिल्मरच्या प्रश्नांना उत्तर देताना टॉम बोलून जातो की त्याला तिची कीव आली, आणि त्या गावात एका काळ्या माणसाने गोऱ्या मुलीची कीव करणं हाच गुन्हा ठरतो. पुरावा निर्दोष होता, खटला हरला. लीने हे जसंच्या तसं ठेवलं, म्हणून ॲटिकस पुतळा होत नाही.

थांबण्याचं महत्त्व उलट्या बाजूनेही पाहता येतं, आणि त्यासाठी दोन पराभूत वकील फार उपयोगाचे आहेत. 'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर' (1959) मध्ये सरकार पक्षाचा क्लॉड डान्सर हा जेम्स स्ट्युअर्टच्या बीग्लरपेक्षा जास्त सफाईदार वकील आहे. खटल्याच्या शेवटी मेरी पिलांट ही हॉटेलमधली स्त्री एक महत्त्वाचा पुरावा घेऊन येते. डान्सर गृहीत धरतो की ती मयताची रखेल होती, आणि हे तो तिच्या तोंडावर फेकतो. ती शांतपणे सांगते की मयत तिचा बाप होता. तिच्या साक्षीमागे वेगळा हेतू असल्याचा सगळा डोलारा एका वाक्यात कोसळतो. डान्सरकडे तो तर्क होता, माहिती नव्हती.

'द व्हर्डिक्ट' (1982) मध्ये बचावाचा कॉनकॅनन तर याहून मुरलेला. खटला भूल दिल्यावर कोमात गेलेल्या एका मुलीचा. हॉस्पिटलमधली नर्स सांगते की दाखल करतानाच्या कागदावर तिने या मुलीने एक तासापूर्वी जेवण केल्याचं लिहिलं होतं, आणि पुढे त्या एकाचा नऊ झाला. तिच्याकडे मूळ कागदाची प्रत आहे. इथपर्यंत कॉनकॅनन सावरू शकला असता. पण तो विचारतो, प्रत का ठेवलीस? लागेल असं वाटलं म्हणून. मग तो पुन्हा विचारतो, असं का वाटलं? त्यावर ती सगळंच सांगते: डॉक्टरने आकडा बदलायला लावला आणि ऐकलं नाही तर नोकरीवरून काढण्याची धमकी दिली. उलटतपासणीत 'का' हा प्रश्न म्हणजे साक्षीदाराच्या हातात ध्वनिक्षेपक देणं. पुढे बचाव पक्ष मूळ कागद उपलब्ध असताना प्रत ग्राह्य नाही अशी हरकत घेतो आणि न्यायाधीश ती मान्य करतात. कायदा म्हणून ते वादग्रस्तच आहे, कारण मूळ कागद बदलला आहे हाच तर आरोप होता. पण ऐकलेलं विसरा, असं ज्यूरीला सांगून ती विसरत नाही, हे कोर्टात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

याच चित्रपटातला नायक फ्रँक गॅल्विन, पॉल न्यूमनने केलेला. पडद्यावरचे फार थोडे वकील मला इतके जवळचे वाटतात. पण त्याची एक चूक सांगायलाच हवी. समोरचा पक्ष 2,10,000 डॉलर देऊ करतो आणि गॅल्विन ते अशिलाला न विचारता नाकारतो. चित्रपट हा क्षण उदात्त करून दाखवतो. प्रत्यक्षात तडजोड स्वीकारायची की नाही हा निर्णय अशिलाचा असतो, वकिलाचा नाही, आणि हे शिस्तभंगाच्या कारवाईचं सरळ प्रकरण आहे. मुलीचा मेहुणा त्याच्यावर धावून जातो, तेव्हा बरोबर तो मेहुणाच असतो.

आता 'माय कझिन व्हिनी' (1992). विनोदी चित्रपट म्हणून लोक याला हलकं समजतात. मी मात्र नवशिक्या वकिलाला एकच चित्रपट दाखवायचा असेल तर हाच दाखवेन. दिग्दर्शक जोनाथन लिन स्वतः कायदा शिकलेला आहे आणि ते जाणवतं. व्हिनीने वकिलीची परीक्षा सहाव्या प्रयत्नात पार केलेली असते, त्याला खुनाच्या खटल्याचा अनुभव नसतो, कोर्टाची शिस्तही कळत नाही, आणि त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा कोठडीत जावं लागतं. सरकारी वकिलाची कागदपत्रं गोड बोलून मिळवल्याच्या आनंदात तो परततो, तेव्हा त्याची वाग्दत्त वधू लिसा त्याला सांगते की ती द्यायला सरकार पक्ष कायद्यानेच बांधलेला आहे.

मग तो कामाला लागतो. तीन साक्षीदार, तीन वेगळे हल्ले. पहिला म्हणतो की आरोपी दुकानात शिरले तेव्हा तो नाश्त्याचे ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या भरड्याची लापशी, शिजवायला लागला होता आणि पाच मिनिटांत ते तयार होताच गोळीचा आवाज आला. व्हिनी विचारतो, झटपट होणारे ग्रिट्स की नेहमीचे? दक्षिणेतला माणूस झटपटवाले कबूलच करू शकत नाही, आणि नेहमीच्यांना वीस मिनिटं लागतात. ही वेळेवरची चढाई. दुसऱ्याच्या खिडकीचे फोटो: मळलेली काच, गंजलेली जाळी, पानांनी भरलेली झाडं, झुडपं. ही दृष्टीच्या वाटेवरची. तिसरी म्हातारी, जाड चष्म्याची. टेप घेऊन निम्म्या अंतरावर उभं राहून तो बोटं दाखवतो आणि तिला ती मोजता येत नाहीत. कोणालाही तो खोटारडं म्हणत नाही. तिघेही प्रामाणिक आहेत, फक्त चुकले आहेत. चांगल्या उलटतपासणीत बहुतेक वेळा असंच असतं. साक्षीदाराला लबाड ठरवायला गेलं की ज्यूरी त्याच्या बाजूने होते.

आणि मग लिसाची तज्ज्ञ म्हणून साक्ष. सरकारी वकील तिची पात्रता तपासायला एक फसवा प्रश्न टाकतो: 1955च्या शेव्हरोले बेल एअरच्या 327 इंजिनाचं टायमिंग काय? ती सांगते की तो प्रश्नच चुकीचा आहे, कारण ते इंजिन 1962पर्यंत आलंच नव्हतं. तज्ज्ञाची पात्रता अशीच सिद्ध होते, पदव्यांच्या यादीने नव्हे. पुढे टायरच्या दोन सारख्या खुणांवरून ती दाखवते की गाडीला स्वतंत्र मागचं सस्पेन्शन आणि दोन्ही मागच्या चाकांना सारखा जोर देणारा डिफरन्शियल होता, म्हणजे ती आरोपींची 1964ची ब्यूइक स्कायलार्क नसून 1963ची पाँटियाक टेंपेस्ट असणार. व्हिनी इथे थांबत नाही. सरकार पक्षाच्याच तज्ज्ञाला पुन्हा बोलावून त्याच्याकडून ते वदवून घेतो. ॲटिकसने युएलला बांधलं ते तंत्र इथे उलट्या दिशेने वापरलं आहे.

कॅफी, 'अ फ्यू गुड मेन'मधला (नाटक 1989, चित्रपट 1992) नौदलाचा वकील, यांच्यापुढे मला किंचित कमी वाटतो. सँटियागो या सैनिकाच्या खुनाचा आरोप असलेल्या दोन सैनिकांचा तो बचाव करतो, आणि जेसप हा त्या तळाचा प्रमुख अधिकारी. जेसपच्या उलटतपासणीतला मूळ सापळा उत्तम आहे. तुमचे हुकूम नेहमी पाळले जातात ना? जातात. सँटियागोला हात लावू नका असा हुकूम होता ना? होता. मग त्याच्या जीवाला धोका होता म्हणून त्याची बदली कशासाठी? एवढ्यावर संशयाचा फायदा मिळवता आला असता. उरलेलं सगळं, म्हणजे काहीच न आठवणारे दोन हवाई दलाचे लोक दाखवण्यापुरते बसवून जेसपला भडकवणं, हा जुगार होता. जेसप शांत राहिला असता तर कॅफीवरच बालंट आलं असतं. निकाल मात्र लेखकाने खरा ठेवला: खुनातून सुटका, पण अशोभनीय वर्तनासाठी दोषी आणि सेवेतून हकालपट्टी.

अशील वकिलाला काय सांगतो आणि वकील काय ऐकून घेतो, हा विषय कथांमध्ये क्वचितच नीट येतो. डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (1860-61) जॅगर्सच्या रूपाने तो कायमचा मांडून ठेवला. जॅगर्सकडे एक दलाल साक्षीदार आणतो. हा काय शपथेवर सांगणार, असं विचारल्यावर दलाल म्हणतो, तसं काहीही सांगेल. जॅगर्स भडकतो. हे वाक्य त्याच्या कानावर आलं की खोटी साक्ष जाणूनबुजून उभी केल्याचा दोष त्याच्या माथी येतो. पुढे एक गुपित कथानायक पिपला सांगताना तो प्रत्येक वाक्य 'समजा असं असेल' या चौकटीत बसवतो, काहीच मान्य करत नाही. प्रत्येक अशील गेल्यावर सुगंधी साबणाने हात धुण्याची त्याची सवय सगळ्यांना आठवते. मला त्याहून मॉलीचा खटला महत्त्वाचा वाटतो. तिच्यावर गळा दाबून खून केल्याचा आरोप होता आणि तिची मनगटं विलक्षण ताकदवान होती. जॅगर्सने तिला कोर्टात अशा बाह्यांचे कपडे घालायला लावले की ती नाजूक दिसावी, आणि हातांवरचे ओरखडे नखांचे नसून काटेरी झुडपांचे आहेत असं दाखवून दिलं. पुराव्याला हात न लावता पुरावा कसा दिसेल हे ठरवणं, हे वकिलीचं एक अस्वस्थ करणारं अंग आहे.

'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर'मधला बीग्लर हाच प्रश्न अधिक उघडपणे हाताळतो. अशिलाने माणूस मारला आहे, याबद्दल वाद नाही. बीग्लर त्याला विचारत नाही, काय घडलं? तो आधी खुनाच्या आरोपातून सुटण्याच्या कायदेशीर वाटा समजावतो, एकेक बंद करत जातो आणि शेवटची उघडी ठेवतो. मग अशील स्वतःच म्हणतो की आपण भानावर नसणार. कायदा समजावणं वकिलाचं कर्तव्य आहे, कथा पढवणं गुन्हा आहे, आणि ही रेघ किती बारीक आहे हे मी इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे पाहिलेलं नाही. मूळ कादंबरी रॉबर्ट ट्रॅव्हर या नावाने लिहिणाऱ्या जॉन व्होल्करची, जो मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. पुढे बचाव टिकतो तो 1886च्या एका निवाड्यावर. जुन्या ग्रंथांत रात्र घालवून तो निवाडा शोधणं हाही चित्रपटाचा भाग आहे.

ज्यांनी कोर्टात काम केलं आहे त्यांनी लिहिलेले वकील वेगळे ओळखू येतात. जॉन मॉर्टिमर बॅरिस्टर होता, म्हणून त्याचा होरेस रम्पोल (1975 साली बीबीसीवरच्या नाटकात पहिल्यांदा आलेला, मग 1978 ते 1992 थेम्सच्या मालिकेत, लिओ मॅकर्नच्या रूपात) मोठे खटले फारसे लढतच नाही. टिमसन नावाच्या चोरट्या कुटुंबाचे किरकोळ गुन्हे हा त्याचा नेहमीचा धंदा. त्याचे दोन नियम: सरकार पक्षातर्फे उभं राहायचं नाही आणि गुन्हा कबूल करायचा नाही. 1935च्या वुलमिंग्टन निवाड्यातला तो सोनेरी धागा, म्हणजे गुन्हा सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं हे तत्त्व, त्याच्या सगळ्या कथांतून फिरतं. रक्ताचे डाग आणि टंकलेखन यंत्रांबद्दलचं त्याचं ज्ञान हे त्याचं हत्यार. फौजदारी वकिलाला एखाद्या विषयात असं खोल शिरावंच लागतं, कारण सरकारी तज्ज्ञाला त्याच्याच क्षेत्रात गाठण्याचा दुसरा मार्ग नाही.

एर्ल स्टॅन्ली गार्डनर कॅलिफोर्नियात वकिली करत होता. पेरी मेसन 1933 साली आला आणि ऐंशीहून जास्त कादंबऱ्यांमध्ये राहिला. रेमंड बरच्या मालिकेचे (1957-66) 271 भाग झाले. गॅलरीतला खरा खुनी उभा राहून कबुली देतो, हे अर्थातच कोर्टात घडत नाही. पण गार्डनरची एक चतुराई सहसा कोणी सांगत नाही. मेसनची बरीचशी नाट्यं प्राथमिक सुनावणीत घडतात, जिथे ज्यूरी नसते आणि खटला चालवण्याइतका पुरावा आहे का एवढंच ठरवायचं असतं. तिथे उलटतपासणीला मोकळीक जास्त, वेळ कमी, आणि लेखकाला ज्यूरी निवडीची पानं लिहावी लागत नाहीत. शिवाय खासगी गुप्तहेर पॉल ड्रेकच्या तपासाशिवाय मेसनला एकही प्रश्न सुचत नाही, हेही खरंच आहे.

पोर्शियाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ती वकील म्हणून गणली जाते, पण शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ती कोणाचीच वकील नसते. बाल्थाझार नावाने ती निवाडा द्यायला येते, आणि प्रतिवादी आंतोनिओ हा तिच्या नवऱ्याचा मित्र, ज्याने त्या नवऱ्यासाठीच सावकार शायलॉककडून 3000 डकॅट तीन महिन्यांच्या मुदतीवर घेतलेले, न फेडल्यास अंगाचं एक पौंड मांस देण्याच्या अटीवर. असा हितसंबंध असलेल्या व्यक्तीने निवाडा देणंच बेकायदा. मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडू नकोस, हा युक्तिवाद ऐकायला चमकदार आहे. पण एखादी गोष्ट करण्याचा हक्क दिला की तिच्याशिवाय जी होऊच शकत नाही ती गोष्ट त्यात आलीच. जर्मन कायदेपंडित रुडॉल्फ फॉन येरिंगने 1872 साली यावर कठोर टीका केली ती याचसाठी. माणसाच्या जिवावर बेतणारा करार मुळातच निरर्थक, असं सांगून पोर्शियाला पहिल्या मिनिटात प्रकरण निकाली काढता आलं असतं. मग नाटक उरलं नसतं, हे मान्य.

अलीकडच्या मालिकांमध्ये कागदपत्रांचं काम कोणी सगळ्यात नीट दाखवलं असेल तर 'बेटर कॉल सॉल'ने (2015-22). वृद्धाश्रमाच्या सँडपायपर प्रकरणात जिमी कचऱ्याच्या पेटीतून फाडलेले कागद आणतो आणि पट्टी पट्टी जोडून तो आणि त्याचा वकील भाऊ चक ते वाचतात. त्यात नेब्रास्काहून आलेल्या सिरिंजांचा कागद सापडतो. म्हणजे व्यवहार राज्याच्या सीमा ओलांडतो, म्हणजे संघराज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लागतो, आणि मागणी एकदम दोन कोटी डॉलरवर जाते. एका बिलाने दाव्याची जात बदलणं हे मोठ्या खटल्यांमध्ये खरंच घडतं. जिमीच्या शिस्तभंगाच्या सुनावणीत तो, विजेच्या उपकरणांचा आपल्याला शारीरिक त्रास होतो असं मानणाऱ्या चकच्या खिशात गुपचूप बॅटरी ठेववतो आणि चकला एक तास त्रेचाळीस मिनिटं तिचा पत्ताही लागत नाही. तो प्रसंग उलटतपासणी म्हणून निर्दोष आहे. माणूस म्हणून तो पाहवत नाही. या मालिकेतली किम वेक्सलर माझ्या मते जिमीपेक्षाही खरी आहे. रात्री उशिरापर्यंत फाइलींमध्ये बसलेली वकील पडद्यावर एवढी क्वचितच दिसते.

'सूट्स' (2011-19) बद्दल थोडक्यात: माइक रॉस सनदेशिवाय काम करतो. मालिकेला ते रोमांचक वाटतं. प्रत्यक्षात त्याने हाताळलेलं प्रत्येक प्रकरण त्यामुळे पुन्हा उघडलं जाऊ शकतं, आणि नुकसान अशिलांचं होतं. 'लीगली ब्लाँड' (2001) त्यामानाने सावध आहे. एल विद्यार्थिनी आहे म्हणून ती सनद असलेल्या वकिलाच्या देखरेखीखाली उभी राहते, आणि तिचा केसांचा मुद्दाही पक्का आहे: पर्म केल्यावर चोवीस तास केस भिजवायचे नसतात, तर त्याच दिवशी साक्षीदार डोकं धुवत होती कशी? कोरियाची 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी ॲटर्नी वू' (2022) पहिल्याच प्रकरणात दाखवते की वृद्ध पत्नीवरचा नवऱ्याच्या खुनाच्या प्रयत्नाचा आरोप टिकला तर शिक्षा सौम्य झाली तरी वारसाहक्क जातो. फौजदारी निकालाचा दिवाणी परिणाम पाहणारा वकील कथेत सहसा येत नाही, म्हणून वू यंग-वू लक्षात राहते.

आता आपल्याकडचे. 'पिंक' (2016) मधला दीपक सेहगल आपल्याच अशिलाला भर कोर्टात तिच्या कौमार्याबद्दल विचारतो. काटा समोरच्याने टोचण्याआधी आपणच काढावा, हे तंत्र जुनं आणि योग्य आहे. पण तो प्रश्न विषयबाह्य म्हणून आधीच हरकत घेऊन बाहेर ठेवण्याची वाट होती, आणि ती वापरून पाहिलेली दिसत नाही. आणखी एक गोष्ट, जी हिंदी चित्रपटांत नेहमी चुकते: आरोपीला साक्षीदारासारखं सरळ पिंजऱ्यात बोलावता येत नाही. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313खाली न्यायाधीश आरोपीला विचारतो, तेही शपथेवर नाही, आणि शपथेवर साक्ष द्यायची तर कलम 315नुसार आरोपीने स्वतः लेखी मागावं लागतं. 'जॉली एलएलबी'मध्ये (2013) दोन वकिलांपेक्षा सौरभ शुक्लाचा न्यायाधीश जास्त खरा आहे.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) वेगळ्याच पातळीवरचा. लोकशाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, हा आरोप. विनय व्होरा बचावाला, आणि सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णींनी साकारलेली. नूतन खलनायिका नाही. ती कलमं एका सुरात वाचते, लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. न्यायाधीश साक्षीदाराचं बोलणं आपल्या शब्दांत लिहून घ्यायला सांगतात, आणि पुढे वरच्या कोर्टात तेच शब्द साक्ष म्हणून जाणार असतात. हा बारकावा मला दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात दिसलेला नाही. मयताच्या पत्नीची साक्ष पाहा. तो सुरक्षेची साधनं नसताना उतरायचा, आणि आत हवा आहे का हे झुरळं बाहेर येतात का यावरून ओळखायचा. व्होरा तिला आत्महत्येबद्दल भाषण ऐकवत नाही. तो लहान लहान प्रश्न विचारून तिच्याकडून कामाची पद्धत नोंदीवर आणतो आणि आत्महत्येची गोष्ट आपोआप विरते.

आणि सुखात्मे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (रंगमंचावर 1967) तो फारशी कामं न मिळणारा वकील आहे. लीला बेणारेवर चालवलेल्या लुटुपुटूच्या खटल्यात तो सरकारी वकील आणि बचावाचा वकील या दोन्ही भूमिका स्वतःच घेतो. सरकारी बाजूला उभा असताना तो तुटून पडतो, बचावाला आला की फक्त दया मागतो. न्यायाधीश झालेला काशीकर आसन सोडून साक्ष देतो, सामंत कादंबरीतून वाचून साक्ष तयार करतो, आणि आरोपीचं मौन कबुली धरलं जातं. न्यायाची एकेक हमी कशी काढून घेता येते, हे या नाटकाइतकं स्पष्ट मला कायद्याच्या पाठ्यपुस्तकातही सापडत नाही. माझ्या यादीत तो ॲटिकसच्या बरोबरीने आहे.

ज्यांना स्वतः वकिलाचं पात्र लिहायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. आधी कोर्ट ठरवा: ज्यूरी आहे की नाही, टप्पा कोणता, सिद्ध करण्याचं ओझं कोणावर. मग साक्षीदारांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की वकिलाला त्याच्याकडून एकच कोणतं वाक्य हवं आहे. उलटतपासणीतले प्रश्न 'हो' किंवा 'नाही' उत्तर येईल असे ठेवा आणि एका प्रश्नात एकच गोष्ट घाला. हरकत घेतली की तिचं कारण लिहा: सरतपासणीतला सूचक प्रश्न, ऐकीव माहिती, विषयाशी संबंध नाही, साक्षीदाराचं मत. नुसतं 'हरकत आहे' म्हणून खाली बसणारा वकील कोणत्याच कोर्टात टिकत नाही. अचानक उगवणारा साक्षीदार आणायचाच असेल तर समोरच्याला तो आधी का कळला नाही याचं कारण द्या. 'माय कझिन व्हिनी'त सरकार पक्ष असाच तज्ज्ञ आणतो, व्हिनी अगदी योग्य हरकत घेतो आणि न्यायाधीश तिची तारीफ करून ती फेटाळतात. ती फेटाळणी अपिलात मुद्दा म्हणून उभी राहू शकते, एवढं लेखकाला ठाऊक असलं की पुढच्या पानावर वकील काय करेल ते लिहिणं सोपं जातं. पहिली उलटतपासणी लिहून झाली की शेवटचा प्रश्न खोडून प्रसंग पुन्हा वाचा. बहुतेक वेळा तो प्रश्न नकोच असतो.